बांड्या सुताराची फांदी

सत्तर सालच्या दिवाळीनंतर माझी बदली अकोले तालुक्यात झाली. मी हिवताप खात्यातला माणूस. नेमून दिलेल्या वाड्यांवर दर पंधरवड्याला जायचं, प्रत्येक दारात उभं राहून "ताप आला का कुणाला?" विचारायचं, आला असेल तर बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भिंतीवर गेरूनं तारीख घालायची आणि पुढच्या घराकडं वळायचं. एवढंच काम. पण मी बेलापूरचा. सपाट मुलखात सायकलवर वाढलेला. इथं दिवसाला चार चार डोंगर पायाखाली घालावे लागत. पहिल्या महिन्यातच माझ्या वहाणांचे अंगठे तुटले.

भंडारदऱ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला हिरडेवाडी नावाची सतरा घरांची वाडी होती. छगन आणि बनुबाईचं घर अगदी वरच्या टोकाला, रानाला लागून. पोरबाळ म्हणजे एकच मुलगी, चांगुणा, ती राजूरकडं दिलेली. शेजारच्या घरात छगनचा धाकटा भाऊ सूर्यभान आणि त्याचं कुटुंब. दोघा भावांची भाताची खाचरं एकत्रच होती.

छगन वाडीतला सगळ्यांत पट्टीचा चढणारा. त्या भागात भाताचं बी टाकायच्या आधी जमीन भाजून घेतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून उन्हाळ्यात पेटवतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी माघ-फाल्गुनात ऐनाच्या झाडांवर चढून फांद्या उतरवाव्या लागतात. ज्या घरात चढणारा गडी नाही त्या घराचाही राब छगनच तोडून द्यायचा. पायात काही नाही, कमरेला कोयती अडकवलेली, आणि तोंडानं सतत काहीतरी बडबड. झाडाच्या शेंड्यावरून तो खाली येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायचा.

पाखरांचा नाद मला त्यानं लावला. एकदा मी त्याच्या ओसरीवर पाणी पीत बसलो होतो. समोरच्या ऐनाच्या बारीक बारीक डहाळ्यांवर काळंपांढरं काहीतरी सरकत होतं. चिमणीहून थोडं मोठं, डोकं अंगाच्या मानानं भलतंच मोठं, डोक्यावर टोकदार तुरा आणि शेपूट जवळजवळ नाहीच.

"त्यो बांडा," छगन म्हणाला. "बांडा सुतार. शेपूट तोडल्यावानी दिसतंय न्हवं?"

"सुतार खोडावर ठोकतो ना? हा तर डहाळीवर बसलाय."

"मोठा सुतार खोडावर. ह्यो हलका. शेंड्याशेंड्यानं हिंडतो, मुंग्या नि अळ्या टिपतो. आन् येकटा कदी दिसायचा न्हाई. बघा, ती बायको आली."

दुसरं पाखरू पहिल्याच्या मागोमाग येऊन बसलं. त्याच्या कपाळावर पांढरा पट्टा होता. नराचं कपाळ काळं. दोघंही बारीक आवाजात एकमेकांना सारखी हाक घालत होती. पाखरू वळलं तेव्हा त्याच्या पाठीच्या खालच्या भागात पांढऱ्यावर काळे ठिपके दिसले, पत्त्यातल्या बदामासारखे. मी ते छगनला सांगितलं तर तो खूप हसला. म्हणाला, "मंग पत्ते खेळायला ठेवू घरात."

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत मी नेहमीच्या फेरीला हिरडेवाडीत पोचलो तेव्हा छगनच्या दारात माणसं जमली होती. मला बघताच सूर्यभान पुढं आला. "आला का भाऊ! बरं झालं. डाक्टर आले, डाक्टर आले."

मी डॉक्टर नव्हतो. आत घोंगडीवर छगन उताणा पडला होता. आदल्या दिवशी ऐनावरून पडला. तीस हातांवरून. शुद्धीवर होता, बोलत होता, पण कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. मी पायाच्या अंगठ्याला सुई टोचली. त्याला कळलं नाही. बनुबाई माझ्या हाताकडं बघत होती.

"टोचली व्हय?" छगननं विचारलं.

"टोचतोय आता," मी म्हणालो.

माझ्या पिशवीत हिवतापाच्या गोळ्या होत्या, स्पिरिट होतं, कापूस होता. मी सूर्यभानला बाजूला घेऊन म्हटलं, आत्ताच्या आत्ता राजूरला न्या. बांबूला घोंगडी बांधून चौघांनी त्याला उतरवलं, मी बरोबर गेलो. राजूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की मणका गेलाय, नगरला नेलं तरी फार काही होणार नाही. छगननं नगरला जायला नकार दिला. अकराव्या दिवशी तो गेला. शेवटचे तीन दिवस तो काही बोलला नाही, असं बनुबाईनं मला नंतर सांगितलं. बडबड्या माणसाचं गप्प होणंच तिला जास्त लागलं होतं.

पुढच्या फेरीला मी गेलो तर ती ओसरीवर एक फांदी पुढ्यात घेऊन बसलेली. मांडीएवढी जाड, हातभर लांबीची. छगनबरोबर खाली आलेली फांदी तिनं रानात जाऊन हुडकून आणली होती. वरून साल शाबूत. पण तिनं ती उलटी केली. खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं, गोल, घासून केल्यासारखं भोक होतं. झाडावर चढणारा माणूस फांदी वरून बघतो. हे भोक त्याला दिसणं शक्यच नव्हतं. तिनं कोयतीनं फांदी उकलली. आत पोकळ. भुशावर पांढऱ्या अंड्यांची टरफलं चिकटलेली होती.

"बांड्याचं घर," ती म्हणाली. "ह्येनं पोखारली. ह्येनं खाल्ला माजा मानूस."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं असं पुढं बऱ्याच वेळा वाटलं. पण त्या वेळी मलाही तेच खरं वाटत होतं.

त्या वर्षीचा राब अर्धाच तोडून झाला होता. सूर्यभानला उंचावर भोवळ येते, तो कधीच चढला नाही. बनुबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि चढली. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, बाई माणूस झाडावर चढलं की फळ धरत नाही असंही कुणी म्हणालं. मग त्यांच्याच राबाची वेळ आली तेव्हा तिच्या दारात आले. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. छगनची कोयती, छगनचा दोर. फरक एवढाच की ती झाडावर तोंडातून शब्द काढत नसे.

त्याच वर्षी दिवाळी उलटल्यावर तिनं पाखरं मारायला सुरुवात केली. बांडा सुतार थंडीत घर करतो, कार्तिकापासून चैत्रापर्यंत कधीही. ती झाडाखाली उभी राहून फांद्यांच्या खालच्या बाजू निरखायची. भोक दिसलं की चढून त्यात ओल्या मातीचा गोळा ठासायची. आत अंडी असोत की पिल्लं. मी एकदा तिला म्हटलं, "बनुबाई, त्या पाखराला काय कळतंय?"

"मला तरी कुटं काय कळत हुतं," ती म्हणाली आणि माती कालवत राहिली.

डिसेंबरात मी वाडीच्या खालच्या वाटेनं वर येत होतो तेव्हा ती एका झाडावर, वाळक्या फांदीजवळ खोडाला पाय लावून बसलेली दिसली. उजवा हात भोकाशी होता. भोक कोयतीच्या टोकानं मोठं केलेलं. तिनं हात बाहेर काढला तेव्हा मुठीत पाखरू होतं. पांढऱ्या कपाळाची मादी. तिनं मूठ आवळली, मग उघडली. पाखरू खाली माझ्यापासून पाच-सहा पावलांवर पडलं. वरच्या डहाळीवर नर ओरडत होता, तोच बारीक आवाज, थांबायलाच तयार नाही.

ती खाली उतरली, हात लुगड्याला पुसला. मग हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली.

"भाऊ, वास घ्या."

मी तिच्या तळहाताचा वास घेतला. गोड, राळेसारखा, जरासा फुलासारखा. तळहाताला चिकट काहीतरी लागलं होतं. मी पाखरू उचलून बघितलं. पाठीच्या पांढऱ्या पिसांवर पिवळसर डाग होता, तोच वास त्याला येत होता. पाखराच्याच अंगातून काही झिरपत असावं. पुढं कितीतरी वर्षांनी पक्ष्यांची माहिती असलेल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की या जातीच्या सुताराच्या अंगाला तसा सुगंधी स्राव असतो, तो कशासाठी ते नक्की माहीत नाही.

बनुबाईनं हात राखेनं धुतला, मातीनं धुतला. पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा म्हणाली, "वास गेला न्हाई. दोन दिस डाव्या हातानं भाकर खाल्ली."

मग जानेवारीअखेरच्या फेरीला ती पुढचं सांगत बसली. नर त्या झाडावरून हलत नव्हता. भोकाशी यायचा, आत डोकं घालायचा, मागं सरायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो गेला. ती त्याच्या मागं गेली. का गेली ते तिला सांगता येईना. तिच्या कामाच्या वाटेवरच तो असायचा, असं म्हणाली. महिनाभरात त्याला दुसरी जोडीदारीण मिळाली आणि दोघांनी नवी जागा शोधायला घेतली. तेव्हा बनुबाईनं जे बघितलं ते असं. पाखरू एका फांदीवर बसून दोनचार वेळा टकटक करतं, सोडून देतं. दुसरी फांदी, पुन्हा तेच. हिरव्या, भरल्या फांदीवर ते चोच फार चालवतच नाही. कितीतरी फांद्या अशा सोडल्यावर एका वाळक्या फांदीवर ते थांबलं आणि खालच्या बाजूनं कोरायला लागलं.

"म्या दोनी फांद्या उतरवल्या," ती म्हणाली. "येक त्यानं टाकलेली नि येक कोरायला घेतलेली. टाकलेली आतून लोखंड हाय, कोयती उडाली. दुसऱ्या फांदीत त्यानं बोटाचं येक पेर कोरलं हुतं, नवं. पर आत हातभर सडलेलं. काळं, वलं, भुगा. ते काय बांड्यानं केलं न्हाई, भाऊ. ते आदीच हुतं. त्याची चोच लई बारकी. सडलेलं असल तितंच त्यो जातो."

तिनं त्या फांदीचा सडका तुकडा माझ्यापुढं ठेवला.

"म्हंजे यांच्या पायाखालची फांदी आदीच मेलेली हुती. पाखराला ठावं हुतं, आमाला न्हवतं." मग थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "म्या नऊ घरं बुजवली. नऊ."

त्यानंतर तिनं एकही भोक बुजवलं नाही. उलट माझ्याकडून गेरू मागून घेतला. कामावर निघण्याआधी ती झाडाभोवती फिरून फांद्यांच्या खालच्या बाजू बघायची. जिथं बांड्याचं भोक दिसेल त्या झाडाच्या बुंध्यावर गेरूची रेघ, रेघेचं टोक त्या फांदीकडं. हळूहळू आजूबाजूच्या वाड्यांतले चढणारे गडी तिला बोलावू लागले. एका वाडीत तिनं नको म्हटलेली फांदी कुणीतरी खालून दोर टाकून ओढून बघितली. ती वाळल्या पापडासारखी मोडून आली. त्यानंतर तिच्या शब्दाला किंमत आली. बहात्तरचा राबाचा हंगाम सरेपर्यंत त्या पट्ट्यात कुणी झाडावरून पडलं नाही.

आणि मग पाऊस पडला नाही. म्हणजे आमच्या डोंगरात थोडा तरी पडला, खाचरांत भात पोटरीला येऊन, लोंबी बाहेर पडायच्या आधीच वाळलं. पण खाली देशावर, संगमनेरपासून पार पाथर्डीपर्यंत, जमीन उघडी पडली. बहात्तरची दिवाळी झाल्यावर माणसं गुरं हाकत वर येऊ लागली. डोंगरात पाला आहे हे त्यांना ठाऊक होतं. धामण, आसाणा, उंबर, जे जनावर खाईल ते. सरकारनंही पाला तोडायला मुभा दिली.

हिरडेवाडीच्या खालच्या माळावर त्यांची पालं पडली. त्यात पाथर्डीकडचा भीमा होता आणि त्याची बायको लंकाबाई. दोघंही चाळिशीच्या आत. दरसाल ऊसतोडीला संगमनेरकडं यायची, म्हणून वाट माहीत. बरोबर दोन बैल, एक पांढरा, एक तांबडा. आठ दिवस चालत आलेले. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. भीमाला उसाचं सगळं येत होतं, झाडाचं काही नाही. त्यांच्या गावाकडं बाभळी आणि लिंब सोडून चढण्यासारखं झाडच नाही, असं लंकाबाई म्हणाली.

बनुबाईनं त्याला चढायला शिकवलं. टाच कुठं, पंजा कुठं, दोर कसा फिरवायचा. सकाळी उजाडलं की खालची गडीमाणसं तिच्या ओसरीसमोर येऊन उभी राहायची. "बनुबाई, आज कंचं झाड?" ती पुढं, बाकीचे मागं. ती बुंध्याभोवती फिरायची, वर बघायची आणि सांगायची. गेरूची रेघ असेल तर ती फांदी सोडून. रेघ नसेल तर चढा.

मार्गशीर्ष सरेपर्यंत वरचा सगळा उतार बोडका झाला होता. झाडं नुसती खांबांसारखी उभी. ऊन थेट जमिनीवर यायचं, पाचोळा पायाखाली करकरायचा. माझी फेरी तीच, वाट तीच, पण वाटेवर आवाज नव्हते. बांड्याची हाक ऐकल्याला किती दिवस झाले ते मला आठवेना. शेंड्याच्या डहाळ्याच उरल्या नव्हत्या, तर शेंड्यावर हिंडणारं पाखरू राहील कशाला? हे मला त्या वाटेवर चालताना स्पष्ट जाणवलं होतं. वाडीत पोचल्यावर मी ताप विचारला, तारीख घातली आणि परत आलो. पाखरांचं काय बोलायचं, माणसांना प्यायला पाणी नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी हिरडेवाडीत होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. ओढ्याच्या काठाला एक मोठा आसाणा अजून पाल्यानं भरलेला होता. उतार अवघड म्हणून तो मागं राहिलेला. बनुबाई त्याच्याभोवती तीन वेळा फिरली. मी बघत होतो. मान मागं टाकून तिनं फांदी न फांदी बघितली. कुठंही भोक नव्हतं.

"चढू का, बाई?" भीमानं विचारलं.

"चढा. समदं चांगलं हाय."

तो चढला. पहिल्या दोन फांद्या उतरवल्या, लंकाबाईनं त्या ओढून बाजूला केल्या. तिसऱ्या फांदीवर त्यानं पाय ठेवला, वरच्या डहाळीला हात घातला आणि कोयती उगारली. फांदी मोडल्याचा मोठा आवाज झाला नाही. ओलं लाकूड दबून तुटतं तसा झाला. खाली ओढ्याचे दगड होते.

मी धावलो. त्याच्या मानेला हात लावला. करण्यासारखं काहीच नव्हतं.

लंकाबाई पाल्याच्या ढिगाजवळ उभी होती. तिच्या हातात अजून फांदी होती. मग ती आली आणि त्याच्या डोक्याशी बसली. तिला कुणी धरायची गरज पडली नाही. ती रडलीही उशिरा.

बनुबाई भीमाकडं आली नाही. ती तुटलेल्या फांदीकडं गेली. फांदी तिनं उलटीपालटी केली. भोक नव्हतं. कुठंही नव्हतं. मोडलेल्या तोंडाशी मात्र लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, बोट घातलं तर पार आत जाईल असं. त्या हंगामात त्या फांदीवर बांडा यायला हवा होता. आला नव्हता, कारण महिनाभर आधीच आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं रान काढून घेतलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मला तर आधीपासूनच माहीत होतं.

पंचनाम्याला दुपारी हवालदार आले. सूर्यभान, मी आणि आणखी दोघं पंच. झाडावरून पाय घसरून पडला, अपघाती मृत्यू, असं ते लिहू लागले. तेवढ्यात बनुबाई पुढं झाली.

"पाय घसरला न्हाई. फांदी मोडली. झाड म्या दावलं हुतं."

"बरं," हवालदार लिहीतच राहिले.

"म्या सांगितलं चढा म्हनून. त्ये लिवा."

"बाई, त्यानं काय व्हणार? तू काय ढकललं का त्याला?"

"ढकललं न्हाई. सांगितलं. लिवा."

हवालदारांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "हे बघ, तसं कलमच नाही." आणि कागद आमच्यापुढं सह्यांना सरकवला. मी सही केली. 'पाय घसरून' असंच त्यात होतं. सूर्यभाननं अंगठा दिला. बनुबाई तिथंच उभी राहिली, हवालदार उतार उतरून दिसेनासे होईपर्यंत.

भीमाला ओढ्याच्या काठालाच अग्नी दिला. जळाऊ लाकूड तेवढं भरपूर होतं.

तिसऱ्या दिवशी बनुबाई खालच्या माळावर लंकाबाईच्या पालाशी गेली. मी तिथंच होतो, पालातल्या एका म्हाताऱ्याला ताप होता. ती दोन भाकरी आणि चटणी घेऊन आली होती. लंकाबाई बैलांपुढं पाला टाकत होती. भाकरी तिनं घेतली नाही, नाकारलीही नाही. बनुबाईनं ती पालाच्या दोरावर फडक्यात बांधून ठेवली.

लंकाबाईनं पाठमोरीच विचारलं, "त्या झाडावर तुमी सोता चढल्या आसत्या का?"

"व्हय. चढले आसते."

"त्याच फांदीवर?"

"त्याच फांदीवर."

लंकाबाई वळली. तिनं बनुबाईला नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "तांबड्याला पाणी पाजायचं ऱ्हायलंय. घागर घ्या तेवढी."

त्या दिवसापासून बनुबाई झाडावर चढली नाही. लांब बांबूला आकडी बांधून जमिनीवरून हाताशी येईल तेवढा पाला ती ओढून काढायची, आणि त्यातला अर्धा लंकाबाईच्या बैलांना द्यायची. लोक चिडले. पालं टाकून राहिलेल्यांचं काम तिच्यावाचून अडलं होतं. "येका मानसासाठी शंभर गुरं मारतीस का?" असं सूर्यभानच तिला म्हणाला. ती आकडीनं पाला ओढतच राहिली. दुसऱ्या कुणी झाड दाखवायला सांगितलं तर म्हणायची, "मला दिसत न्हाई." मग लोक आपल्या आपण चढू लागले. आणखी दोघं पडले. एकाचा हात गेला, दुसरा थोडक्यात वाचला. तेही तिनं ऐकून घेतलं.

लंकाबाईचा एक बैल फाल्गुनात मेला. तांबडा तगला. ज्येष्ठात पाऊस पडला तेव्हा ती एक बैल घेऊन पाथर्डीला परत गेली. निघताना दोघी वाडीच्या खालच्या बांधापर्यंत बरोबर गेल्या, एवढंच मला सूर्यभाननं सांगितलं.

त्र्याहत्तरच्या दसऱ्यानंतर मी फेरीला गेलो तर बनुबाईच्या ओसरीवर लंकाबाई बसलेली. एसटीनं राजूरपर्यंत आणि तिथून चालत आली होती. ऊसतोडीची टोळी बांधणाऱ्या मुकादमानं तिला घ्यायला नकार दिला होता. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी लागते, तिला एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून गाडीत चढवायची. नवरा नसलेली बाई म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण घेणार? दुष्काळानं घरात काही ठेवलं नव्हतं, आणि दीर विचारत नव्हता.

"मुकादम म्हनला, जोडी आण, मंग बघू," लंकाबाई म्हणाली. "मला दुसरं कोन हाय?"

बनुबाई चुलीपाशी होती. "बाईची जोडी चालंल का त्याला?"

"न्हाई म्हनंल. पर माणसं कमी पडल्यात त्याला. चालवून घेईल."

सूर्यभान तणतणला. भात कापणीला आलंय, लोक काय म्हणतील, कोण कुठली पाथर्डीची बाई. बनुबाईनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "भात कापून जाते. चार दिस थांबल ती." लंकाबाई थांबली. दोघींनी मिळून खाचरं कापली, आणि त्या गेल्या.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मी रजेवर बेलापूरला होतो. गावाबाहेरच्या एका उसाच्या फडात तोड चालली होती. पाथर्डीकडची टोळी आहे असं कळलं म्हणून सकाळी सहज गेलो. धुकं होतं. फडाच्या कडेला पाचटाची कोपी, त्या झोपडीपाशी तीन दगडांची चूल. लंकाबाई उसाच्या ओळीत वाकलेली होती, हात सपासप चालत होता. बनुबाई तोडलेल्या उसाची मोळी बांधत होती. वाढ्याच्या, उसाच्या शेंड्याच्या पात्यांनी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिरलेले. मला बघून ती उठली, पाठ सरळ करायला तिला वेळ लागला.

"भाऊ, तुमी? रजा हाय व्हय?"

मी हो म्हटलं. वाडीची खबर सांगितली. चांगुणाला दिवस गेलेत, सूर्यभानचा खोकला बरा आहे. ती ऐकत होती, पण डोळे मोळीवर. लंकाबाईनं लांबूनच हाक मारली, "बनाक्का, दोर सैल बांधू नको, कालच्यावानी सुटंल."

"कवा सुटली?"

"काल सुटली. तुला म्हाईत हाय."

"ती तुज्या उसाची चूक. वाकडा तोडतीस."

दोघी आणखी थोडं भांडल्या. भीमाचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. मी विचारलं, "पावसाळ्यात वाडीला जाणार का?"

"जाईन. भात लावायला जायलाच पायजे. ती बी यील लावणीला. मंग तिच्याकडं बाजरी खुरपायला म्या." ती वाकली, मोळी उचलली आणि डोक्यावर घेतली. वजनानं तिची मान किंचित कलली. "मुकादम बगतोय, भाऊ. चहा घेऊन जा, चुलीवर हाय."

बैलगाडीला फळी लावलेली होती. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून वर गेली, मोळी टाकली आणि पुढची आणायला खाली उतरली.